एक गुरुजी, चार इयत्ता

डोंगराळ भागातील वाड्यावस्त्यांवर एकशिक्षकी शाळा असतात. चार इयत्ता, पण गुरुजी एकच. ते पहिलीला अक्षरे गिरवायला सांगतात, तिसरीला गणिते घालतात आणि तोवर चौथीचा धडा घेतात. सर्व वर्ग एकदम चालल्यासारखे वाटतात. प्रत्यक्षात एका वेळी गुरुजींचे लक्ष एकाच वर्गाकडे असते.

संगणकाचेही असेच आहे. प्रक्रियकाचा एक गाभा, म्हणजे कोअर, काही मिलिसेकंद एक काम करतो, मग दुसरे हाती घेतो. ही पाळी ठरविण्याचे काम कार्यकारी प्रणाली करते. कोणत्या कामाला किती झुकते माप द्यावे, हे आपण तिला सांगू शकतो. यालाच अग्रक्रम म्हणतात.

समजा, मुळशी तालुक्यातील भरे या गावी राहून तुम्ही पाऊस आणि भातपीक यांवर प्रकल्प करीत आहात. अनेक वर्षांच्या पावसाच्या नोंदींचे गणित करणारी आज्ञावली चालू आहे आणि त्याच वेळी तुम्ही अहवाल टंकलिखित करीत आहात. गणिताला प्रक्रियकाचा भरपूर वेळ हवा, पण घाई नाही. टंकलेखनाला वेळ अगदी थोडा लागतो, पण कळ दाबताच अक्षर उमटले पाहिजे. अशा वेळी गणिताचा अग्रक्रम कमी करावा.

लिनक्समध्ये यासाठी 'नाइस' ही आज्ञा आहे. नाइस म्हणजे सौजन्यशील. हा अंक -२० ते १९ असतो. एरवी तो ० असतो. अंक जितका मोठा, तितके ते काम इतरांना अधिक वाट देते! एकाच गाभ्यावर सतत गणित करणारी दोन कामे असतील, एकाचा अंक ० आणि दुसऱ्याचा ५, तर त्यांना मिळणाऱ्या वेळाचे प्रमाण सुमारे ३ : १ पडते. दुसऱ्याचा अंक १० केला, तर ते सुमारे ९ : १ होते. चालू कामाचा अंक 'रीनाइस'ने बदलता येतो. अंक वाढविणे कोणालाही शक्य असते. तो कमी करण्यास मात्र सहसा व्यवस्थापकाचा अधिकार लागतो. याचे कारण तुम्हीच शोधा.

विंडोजमध्ये टास्क मॅनेजरमधून लो, बिलो नॉर्मल, नॉर्मल, अबव्ह नॉर्मल, हाय आणि रिअलटाइम अशा सहा पायऱ्या मिळतात. रिअलटाइमच्या वाटेला जाऊ नका. एखादे काम तेथे अडून बसले, तर माउस आणि कळफलकही प्रतिसाद देईनासे होतात.

एक गोष्ट ध्यानात ठेवा. अग्रक्रम वाढविल्याने प्रक्रियकाचा वेग वाढत नाही. फक्त वाटणी बदलते. गाभा रिकामा असेल, तर कमी अग्रक्रमाचे कामही पूर्ण वेगाने चालते. चौथीची मुले मैदानावर गेली, की गुरुजी पूर्णपणे पहिलीचेच!

अग्रक्रम चुकला तर काय होते? ४ जुलै १९९७ रोजी 'मार्स पाथफाइंडर' हे यान मंगळावर उतरले. काही दिवसांतच त्याचा संगणक पुन्हापुन्हा स्वतःला बंद करून नव्याने सुरू होऊ लागला आणि त्या दिवसाची उरलेली कामे पुढे ढकलावी लागली. कारण मोठे चमत्कारिक होते. हवामानाच्या नोंदी घेणाऱ्या कमी अग्रक्रमाच्या कामाने एक सामायिक साधन अडवून धरले होते. सर्वांत महत्त्वाच्या कामांपैकी एक काम त्या साधनाची वाट पाहत होते. मध्यम अग्रक्रमाची कामे मात्र हवामानाच्या कामाला पुढे सरकूच देत नव्हती! वेळेत काम झाले नाही, हे पाहून देखरेख करणारी व्यवस्था संगणक पुन्हा सुरू करी. ज्याच्यासाठी मोठे काम अडले आहे, त्या लहान कामाला तेवढ्यापुरता मोठ्याचा अग्रक्रम द्यावा, हा उपाय पृथ्वीवरून आज्ञा पाठवून अमलात आणला गेला आणि यान सुरळीत चालू लागले.

आता हा प्रयोग करा. लिनक्सवर एकाच टर्मिनलमधून एक ते शंभर कोटी मोजणारी लहानशी आज्ञावली दोनदा सुरू करा. 'टास्कसेट' वापरून दोन्ही प्रती एकाच गाभ्याला बांधा. एकीचा नाइस अंक ०, दुसरीचा ५ ठेवा. 'टॉप' आज्ञेने दोघींचा वाटा पाहा. नंतर पहिली बंद करा. दुसरीचा वाटा किती झाला? कारणासह वहीत लिहा.