पिशवी काढा म्हणाले तर

ये, बस इथं. रोवणे आटोपले, आता दोन घटका निवांत बोलता येईल. लग्नाला वर्ष होत आलं तुझ्या, आणि परवा विचारतेस कशी, "ताई, ऑपरेशन झालं की पाळी बंदच होते न?" कोणतं ऑपरेशन म्हटलं, तर ते सांगता येईना. तुझं एकटीचंच असं नाही. आमगावपासून देवरीपर्यंत कोणालाही विचार, बेंबीखाली जे काही आहे ती सगळी पिशवीच. दुखलं तर पिशवी, पांढरं गेलं तर पिशवी, दिवस राहिले नाहीत तरी दोष पिशवीचाच. म्हणून आधी आत काय काय आहे ते ऐकून घे. लाजायचं ते नंतर लाज.

पिशवी म्हणजे गर्भाशय. तुझ्या मुठीएवढं, साधारण साडेसात सेंटिमीटर लांब, वजनाला ५०-६० ग्रॅम. त्याच्या पुढं लघवीची पिशवी, मागं शौचाचं आतडं. दिवस गेले की घडीघडी लघवीला काहून जावं लागतं, ते कळलं का आता? गर्भाशयाच्या वरच्या दोन बाजूंनी दोन नळ्या निघतात, दहा-बारा सेंटिमीटरच्या. त्यांच्या टोकाशी दोन बीजकोष. खाली गर्भाशयाचं तोंड, आणि तिथून बाहेर येणारी वाट म्हणजे योनी. बाहेरून लघवीचं द्वार वेगळं, योनीचं वेगळं, शौचाचं वेगळं, अशी तीन. दोन-दोन लेकरांच्या आयांनाही हे ठाऊक नसतं. र. धों. कर्व्यांनी १९२७ साली 'समाजस्वास्थ्य' मासिक काढून असल्या गोष्टी मराठीत उघड लिहिल्या, आणि त्यापायी त्यांच्यावर खटले झाले. शंभर वर्षं होत आली, आपलं कुजबुजणं काही संपलं नाही.

मुलगी जन्माला येते तीच बीजं घेऊन, दहा-वीस लाख. वयात येईपर्यंत तीन-चार लाख उरतात, आणि आयुष्यभरात पिकून बाहेर पडतात ती जेमतेम चार-पाचशे. दर महिन्याला साधारण एक बीज सुटतं आणि नळीत येतं. पुरुषबीज त्याला भेटतं ते नळीतच, पिशवीत नाही. बीज टिकतं फार तर एक दिवस. पुरुषबीज मात्र पाच दिवसांपर्यंत तग धरतं. तेव्हा मधले दिवस कोणते हे मूल हवं असलेल्यांनी ओळखावं आणि नको असलेल्यांनी नुसत्या मोजणीवर विसंबू नये. इकडं पिशवीच्या आत अस्तर तयार झालेलं असतं. गर्भ राहिला नाही की ते अस्तर रक्ताबरोबर गळून पडतं, ती पाळी. त्यात विटाळ कसला? आणि मुलगा की मुलगी, हे ठरतं पुरुषाच्या बीजावरून. सासूबाई काही बोलल्या तर हे मनात असू दे. तोंडावर बोलायचं की नाही ते तुझं तू ठरव.

आता तुझ्या प्रश्नाकडं येते. कुटुंब नियोजनाच्या ऑपरेशनात फक्त त्या दोन नळ्या बंद करतात. पिशवी जागेवर, बीजकोष जागेवर, पाळी नेहमीसारखी. पिशवी काढली तर पाळी थांबते आणि मूल राहणं संपतं, पण बीजकोष ठेवले असतील तर त्यांचे रस रक्तात जात राहतात. दोन्ही बीजकोषही काढले, तर पाळी जाण्याचं वय एका दिवसात अंगावर येतं: अंगातून वाफा, झोप उडणं, पुढं हाडं ठिसूळ होणं.

हे एवढं फोडून सांगायला कारण आहे. बीडमध्ये २०१९ साली सरकारच्या समितीनं ८२,३०९ ऊसतोड बायांची माहिती घेतली, तेव्हा १३,८६१ जणींच्या पिशव्या काढलेल्या निघाल्या. कित्येक चाळिशीच्या आतल्या. पांढरं जातं, पोट दुखतं म्हणून गेल्या, कॅन्सर होईल अशी भीती कानावर आली, आणि पाळीपायी मजुरी बुडते ती कटकट एकदाची जाईल असंही वाटलं. आपल्याकडं ऊस नाही, धान आहे. पण मजुरीचा हिशेब तोच न? चिखलाच्या बांधीत सकाळपासून कमरेत वाकलेलं, ओलं कापड बदलायला आडोसा नाही, आणि एक दिवस घरी बसलं तर पैसे गेले.

पांढरं थोडं जातंच. महिन्याच्या मध्याला ते पातळ, ताणलं जाणारं असतं, तो रोग नव्हे. वास आला, खाज सुटली, रंग हिरवट-पिवळा झाला किंवा दह्यासारखं जायला लागलं, तर तो बहुधा संसर्ग. त्याला औषध असतं, कधी नवऱ्यालाही घ्यावं लागतं. त्यासाठी पिशवी काढत नाहीत. आत साबण घालून धुऊ नको, योनी स्वतःला साफ ठेवते. कापड वापरत असशील तर साडीखाली लपवून नको, उन्हात वाळव.

रक्त सात दिवसांवर गेलं, गाठी पडायला लागल्या, तर मात्र थांबू नको. हिमोग्लोबिन बघ. आपल्या भागात सिकलसेल हा रक्ताचा आजारही आहे, म्हणून ती तपासणीही कर, आणि नवऱ्याचीही करून घे. तिशीनंतर गर्भाशयाच्या तोंडाची तपासणी असते, सरकारी आरोग्य केंद्रातही होते. दोन मिनिटांचं काम. आईला या वर्षी घेऊन जा, ती आपणहून जायची नाही.

आणि कोणी म्हणालंच पिशवी काढा, तर तिथंच विचार: नेमका आजार काय? औषधानं जमणार नाही काहून? बीजकोष ठेवणार की काढणार? घाई जिवावरची नसेल तर सही करू नको. सोनोग्राफीचा कागद घे, गोंदियाला बाई गंगाबाई रुग्णालयात जा आणि दुसऱ्या डॉक्टरांना दाखव. एकटी जायला भीती वाटली तर मला फोन कर, मी येते.