दूरच्या गावासाठी लहान सर्व्हर : निवड कशी करावी?

पंचायत कचेरी, वाचनालय किंवा शाळा अशा ठिकाणी पाच-सात संगणक परस्परांस जोडले म्हणजे त्यांची सामाईक कागदपत्रे सांभाळणारा एक संगणक लागतो. त्यालाच सर्व्हर म्हणतात. त्याच्यासमोर बसून कोणी काम करीत नाही. त्याला पडदा किंवा कळफलक नसला तरी चालते. मात्र तो बंद पडला की कचेरीचे काम थबकते आणि दाखल्यासाठी पायपीट करून आलेल्या ग्रामस्थास ‘उद्या या’ असे ऐकून परतावे लागते.

खरेदीचा प्रस्ताव करताना पहिला प्रश्न वेगाचा विचारला जातो. वस्तुतः तो शेवटी विचारावा. इतक्या थोड्या संगणकांच्या फाइली सांभाळण्यास आजचा साधा प्रोसेसरही पुरून उरतो. खरी अडचण अंतराची आहे. पणजीत यंत्र अडले तर जाणकार जिना चढून येतो. सत्तरी किंवा सांगे तालुक्यातील डोंगराळ गावी, ऐन पावसाळ्यात, तो केव्हा पोचेल याचा भरवसा नसतो. म्हणून माणसाचा हात न लागता पुन्हा उभे राहील तेच यंत्र अशा गावास योग्य.

आता विजेचा हिशेब पाहू. मोठ्या कचेरीतील सर्व्हर १५० वॅट वीज घेतो असे धरले तर दिवसाला ३.६ युनिट आणि वर्षाला सुमारे १,३१४ युनिट होतात. पुस्तकाएवढ्या आकाराचा लहान संगणक हलक्या कामात १५ वॅटच्या आसपास भागवितो. त्याचे वर्षाचे १३१ युनिट. बिलातील बचत ही दुय्यम गोष्ट. १२ व्होल्ट, १५० अँपिअर-तासांच्या बॅटरीत १,८०० वॅट-तास साठतात. बॅटरी टिकावी म्हणून त्यांतील निम्मेच वापरावेत. लहान सर्व्हर व ऑप्टिकल फायबरची जोडणी मिळून ३० वॅट धरल्यास ते हिशेबाने ३० तास पुरतात, आणि इन्व्हर्टर स्वतः खातो ती वीज वजा केली तरी कचेरीचा दिवस सहज निभतो. मोठे यंत्र त्याच बॅटरीवर पाच-सहा तासही काढणार नाही.

बॅटरीही संपली, पहाटे वीज परतली, तर पुढे काय? वीज येताच आपोआप सुरू होण्याची सोय बहुतेक संगणकांच्या ‘बायोस’ या मूळ मांडणीत असते. पण पुष्कळदा ती बंद ठेवलेली आढळते. यंत्र ताब्यात घेण्यापूर्वी प्लग काढून पुन्हा लावून पाहावे. ही परीक्षा विनाखर्चाची आहे, आणि नेमकी तीच राहून जाते.

काही सर्व्हरांत दुरून देखरेख करणारा स्वतंत्र छोटा संगणक बसविलेला असतो. मुख्य यंत्र गोठले तरी, गावची जोडणी शाबूत असल्यास, तालुक्याच्या ठिकाणाहून ते बंद-चालू करता येते. या कामासाठी ‘आयपीएमआय’ हा सामाईक संकेत १९९८ पासून प्रचलित आहे. त्यासाठी थोडी अधिक किंमत पडली तरी द्यावी. एका फेरीत जीप, जाणकार व दिवस असे तिन्ही खर्ची पडतात.

रास्पबेरी पाय हे स्वस्त, अगदी लहान संगणक शाळेच्या प्रयोगास उत्तम. ‘किविक्स’ या मोफत साधनाने मराठी विकिपीडियाची प्रत त्यावर ठेवली तर इंटरनेट तुटले असतानाही वर्गात ती वाचता येते. परंतु कचेरीच्या नोंदी त्याच्या मेमरी कार्डावर ठेवू नयेत. वीज वारंवार खंडित झाल्यास अशा कार्डावरील माहिती बिघडण्याचा धोका मोठा असतो. नोंदींसाठी दोन डिस्क असलेले आणि स्मृतीतील चूक स्वतः दुरुस्त करणारे, म्हणजे ‘ईसीसी’ पद्धतीचे, यंत्र घ्यावे. दोन डिस्कांवर सारखाच मजकूर ठेवला तर एक निकामी झाली तरी काम चालते. पण चुकून पुसलेली फाइल दोन्हींवरून नाहीशी होते. म्हणून तिसरी प्रत हवीच, आणि तीही दुसऱ्या इमारतीत.

कंपनीचे नाव पाहून निर्धास्त होऊ नये. इंटेलने ‘नक’ हे छोटे संगणक दहा वर्षे बनविले आणि २०२३ मध्ये तो व्यवसाय थांबवून असुस कंपनीकडे सोपविला. सुटे भाग व दुरुस्ती किती वर्षे मिळेल, हे लेखी घ्यावे.

जागेविषयी थोडेसे. यंत्र गळक्या छपराखाली किंवा जमिनीवर ठेवू नये. धुळीच्या ठिकाणी पंखा नसलेले यंत्र पत्करावे, पण ते बंद कपाटात कोंडू नये. फायबरमधून विजेचा लोळ येत नाही. तो विजेच्या व तांब्याच्या तारांतून येतो. तेव्हा अर्थिंगची तपासणी मिरगापूर्वी करून घ्यावी.