मुलांची हालती चित्रे आणि वडील माणसे

हालत्या चित्रांचा, म्हणजे ज्यास आपण कार्टून म्हणतो त्याचा विषय निघाला की पुष्कळ घरांतून एक ठराविक उद्गार ऐकू येतो : "ते पोरासोरांचे, मोठ्या माणसाने त्यात काय पाहावयाचे?" असे म्हणून आई स्वयंपाकास लागते, वडील ओट्यावर जाऊन बसतात, आणि मूल एकटेच दूरचित्रवाणीपुढे किंवा हातातील मोबाइलपुढे राहते. ते हसले तर कशास हसले हे कोणास ठाऊक नसते. ते भ्याले तर जवळ कोणी नसते. जे कार्टून वडील माणसास मुळीच बघवत नाही ते मुलासही फारसे देण्याजोगे नसते, असे आमचे मत आहे. ते का, हे विद्यार्थ्यांस व त्यांच्या पालकांस काही उदाहरणांनी दाखवावे, एवढाच या लेखाचा हेतू.

आपल्या भागास ही गोष्ट नवी वाटू नये. शहापूरच्या डोंगरपट्टीत, तसेच जव्हार-मोखाड्याकडे (हे दोन तालुके २०१४ सालापासून पालघर जिल्ह्यात मोडतात), बोहाड्याची सोंगे निघतात. टेंभ्यांच्या उजेडात संबळाच्या ठेक्यावर मोठमोठे रंगविलेले मुखवटे नाचत येतात. त्यांचे डोळे वटारलेले, दात पुढे आलेले, रंग भडक. कारण रात्रीच्या वेळी, दुरून, गर्दीतून सोंग ओळखू आले पाहिजे. कार्टूनचा चित्रकार तरी दुसरे काय करितो? तोही डोळे मोठे काढतो, डोके अंगाच्या मानाने थोर करितो, आणि बाकीचे चार रेघांत उरकतो. आता बोहाडा पाहणारांकडे लक्ष द्या. आजोबांच्या खांद्यावरील पोर राक्षसाचे तोंड पाहून डोळे मिटते. खाली आजोबा मात्र सोंग घेणाराचे पाऊल संबळाशी जुळते की नाही हे पारखीत असतात. सोंग एकच, पाहणारे दोन, आणि दोघांचाही जीव रमतो. बोहाडा मुलांसाठी आहे असे मात्र कोणी म्हणत नाही!

चुलीजवळच्या कोल्होबाच्या गोष्टीचेही तसेच. मूल कोल्ह्याच्या युक्तीस हसते; ज्यास आयुष्यात एखाद्या गोडबोल्याने फसविलेले असते तो म्हातारा त्याच जागी निराळे हसतो. पुण्याच्या प्रभात फिल्म कंपनीने १९३४ साली 'जंबूकाका' हे व्यंगचित्र पडद्यावर आणिले, त्याचा नायक हाच कोल्हा होता. जंबूक म्हणजे कोल्हा. ते रघुनाथ केळकर यांनी केले होते. मराठी माणसास हालते चित्र काढावयाचे झाले तेव्हा त्यास प्रथम आजीचाच कोल्हा आठवला, हे आम्हांस फार अर्थपूर्ण वाटते.

परंतु या कलेची सुरुवात त्याहीपूर्वीची आहे, आणि ती आपल्या शेजारचीच म्हणावयास हरकत नाही. कसाऱ्याचा घाट चढून नाशिकास गेले की पुढे त्र्यंबकेश्वर लागते. तेथे १८७० साली दादासाहेब फाळके यांचा जन्म झाला. १९१३ साली 'राजा हरिश्चंद्र' लोकांपुढे आणण्यापूर्वी त्यांनी एक लहानसा प्रयोग केला. कुंडीत वाटाणा पेरला, यंत्र समोर मांडले, आणि रोपाचे चित्र दिवसामागून दिवस घेत गेले. ती सर्व चित्रे सलग फिरविली, तेव्हा अनेक दिवसांची वाढ एकदोन मिनिटांत डोळ्यांसमोर घडली : माती फुटली, अंकुर वर आला, पाने उलगडली. ही फिल्म त्यांनी कोणास दाखविली? मुलांस नव्हे. चित्रपटाच्या धंद्यास पैसा द्यावा की न द्यावा, या विवंचनेत असलेल्या मोठ्या माणसांस दाखविली. अंकुराचा हा खेळ पाहून त्यांची खात्री पटली, आणि आपल्याकडील चित्रपटास भांडवल मिळाले. पुढे १९१५ साली फाळक्यांनी 'आगकाड्यांची मौज' काढली. तीत आगपेटीतील साध्या काड्या हालताना दिसत.

हे हालणे कसे घडते ते विद्यार्थ्यांनी नीट समजून घ्यावे. पडद्यावर काहीच हालत नसते. एकामागून एक स्थिर चित्रे येत असतात. ती सेकंदास चोवीस या वेगाने आली म्हणजे आपल्या डोळ्यांस व मेंदूस ती सुटी ओळखता येत नाहीत आणि हालचालीचा भास होतो. म्हणजे सात मिनिटांच्या कार्टूनास १०,०८० चित्रे हवीत. एकेक रेखाटन दोनदा दाखविण्याची युक्ती केली तरी ५,०४० रेखाटने उरतातच. पूर्वी ही पारदर्शक पत्र्यांवर हाताने काढीत. झाडे, घरे, डोंगर ही मागील बाजू एकदाच रंगवून ठेवीत व तिच्यावर हालणाऱ्या पात्राचा पत्रा बदलीत जात. आता संगणक पुष्कळ काम हलके करितो. तरी हरणाने उडी मारण्यापूर्वी अंग किती आखडावे, हे ज्याने हरीण, निदान शेळी तरी, लक्ष देऊन पाहिली आहे त्यासच ठाऊक असते. संगणकास ते सांगावे लागते. मोठ्या माणसास चांगल्या कार्टूनात पहिला आनंद मिळतो तो या निरीक्षणाचा. गुराखी बैलाचे चित्र पाहून क्षणात सांगेल की काढणाराने बैल कधी पाहिला होता की नव्हता.

दुसरा आनंद अर्थाचा. मुंबईच्या फिल्म्स डिव्हिजनमध्ये अमेरिकेतील डिस्ने यांच्या चित्रशाळेत काम केलेले क्लेअर वीक्स यांनी आपल्या तरुण चित्रकारांस ही विद्या शिकविली, आणि १९५७ साली तेथे जातकातील न्यग्रोधमृगाच्या कथेवर चित्रपट तयार झाला. राम मोहन हे त्या तरुणांपैकीच एक. पुढे ते या कलेतील थोर नाव झाले. जातकातील कथा अशी : राजाच्या मृगयेने कळप उधळू नयेत म्हणून हरणांनी करार केला की रोज एकाने पाळीने आपण होऊन मरणास जावे. एके दिवशी पाळी गाभण हरिणीवर आली. पाडस जन्मेपर्यंत थांबवावे अशी तिने आपल्या कळपाच्या नायकास विनंती केली. त्याने नियमावर बोट ठेवले. तेव्हा दुसऱ्या कळपाचा राजा, तो न्यग्रोधमृग, स्वतः तिच्या जागी मान ठेवून पडला. राजा थक्क झाला व त्याने त्यास अभय दिले. पण मृगराजाने तेवढ्यावर न थांबता आधी सर्व हरणांसाठी, मग इतर जनावरांसाठी, पक्ष्यांसाठी आणि माशांसाठी अभय मागून घेतले.

ही कथा आठ वर्षांच्या मुलास कळते काय? कळते; हरीण वाचले, एवढे त्यास पुरे होते. पण तिच्यातील पहिल्या नायकाकडे वडील माणसाने पाहावे. तो दुष्ट नाही. तो फक्त नियम दाखवितो. कचेरीच्या दारात "पाळी आल्याशिवाय होणार नाही" हे ज्याने ऐकले आहे, किंवा ज्याने ते दुसऱ्यास ऐकविले आहे, त्यास त्या नायकाचे तोंड ओळखीचे वाटल्यावाचून राहणार नाही. मूल शेजारी हसत असते आणि बाप गप्प होतो. असे गप्प होणे, हे आमच्या मते, त्या कथेचे यशच होय.

१९७४ सालच्या 'एक अनेक और एकता' या सुमारे सात मिनिटांच्या चित्रपटाची भाषा हिंदी आहे, पण ती आपणांस परकी नाही. विजया मुळे यांनी तो केला, चित्रे भीमसेन यांची, आणि संगीत वसंत देसाई यांचे. हे तेच देसाई, जे तरुणपणी प्रभातमध्ये वाढले. ताई धाकट्या भावंडांस सांगते की पाखरे जाळ्यात सापडली, सर्वांनी एकदम पंख मारले, जाळ्यासह उडाली आणि मित्र उंदरांनी जाळे कुरतडले. मुळातील गोष्ट पंचतंत्रातील चित्रग्रीव कबुतराची. दूरदर्शनने ती घरोघर नेली. पुष्कळ आईबापांस ते गाणे आजही येते, म्हणून मूल ते पाहू लागले की स्वयंपाकघरातून दुसरा आवाज मिसळतो. गावकीने मिळून विहीर उपसली आहे अशा माणसास त्यातील एकदम या शब्दाचे वजन मुलाहून अधिक कळते.

येथे कोणी म्हणेल की ही सर्व बोधाची उदाहरणे झाली; निव्वळ हसण्याचे काय? त्यासाठी टॉम मांजर आणि जेरी उंदीर यांचे स्मरण करावे. ही जोडी १९४० साली विल्यम हॅना व जोसेफ बार्बेरा यांनी पडद्यावर आणिली. तीत बोलणे नाहीच म्हटले तरी चालेल, म्हणून इंग्रजी न येणारी आजीही ती नातवाबरोबर पाहू शकते. १९४७ सालच्या एका खेळात टॉम झोकदार पोशाख करून पियानोवर लिस्ट या संगीतकाराची अवघड रचना वाजवितो, आणि वाद्याच्या पोटात झोपलेला जेरी जागा होऊन त्याची खोडी काढतो. मुलास ती मारामारी वाटते. संगीत जाणणारास दिसते की प्रत्येक टोला सुरावर पडतो आहे. तरी जे केवळ आदळआपट करिते, ज्यात पात्रे सारखी ओरडतात, आणि मधून मधून खाऊ विकत घेण्याचा हट्ट शिकविते, असेही पुष्कळ हल्ली मुलांपुढे येते. ते ओळखण्याची आमची कसोटी साधी आहे : वडील माणसाने शेजारी बसून तेच चित्र दुसऱ्यांदा पाहावे. दुसऱ्या खेपेस त्यात काही नवे दिसले नाही, तर ते पहिल्या खेपेसही रिकामेच होते.

ज्या विद्यार्थ्यांस पाहण्यापेक्षा करून पाहण्याची हौस असेल त्यांस फाळक्यांचा प्रयोग या पावसाळ्यात करिता येईल. आवणी झाली की शेताच्या बांधावर एक खुंटा पक्का ठोकावा, त्यावर खाच करून घरातील मोबाइल रोज त्याच खाचेत, त्याच वेळी ठेवावा, आणि समोरच्या त्याच चार चुडांचे एक चित्र घ्यावे. एकही दिवस चुकवू नये. कापणीपर्यंत शंभर दिवस धरले तर शंभर चित्रे होतील. ती सेकंदास बारा या मानाने दाखविली म्हणजे आठ सेकंदांहून थोडा अधिक असा खेळ तयार होईल. तुम्हांस त्यात रोप डुलत डुलत वर चढताना आणि शेवटी लोंब्यांनी वाकताना दिसेल. मग तो वडिलांस दाखवा. ते बहुधा मध्येच थांबवावयास सांगतील, आणि पावसाने ओढ दिली ते दिवस कोणते, करपा पडला तो कोठून दिसू लागला, हे पानांवर बोट ठेवून तुम्हांस दाखवतील.