बाळाचे लंगोट : मोजून बदला, उन्हात वाळवा



गेल्या पावसाळ्यात आमच्या गल्लीतली एक लेक माहेरी बाळंतपणाला आली होती. पहिलटकरीण. मुलगी सव्वा महिन्याची झाली आणि रात्र-रात्र रडू लागली. आजी म्हणाली, पोटात दुखत असेल. शेजारीण म्हणाली, दृष्ट लागली. आम्ही दोघी-तिघी पाहायला गेलो. डायपर सोडला तर मांड्यांच्या घड्या लालभडक, एका ठिकाणी कातडी सोललेली. डायपर महाग, म्हणून चोवीस तासांत दोनच वापरायचे. सकाळी बांधलेला संध्याकाळी सुटायचा आणि संध्याकाळचा सकाळी. जुन्या लुगड्याची मऊ बाळोती घरात होती, पण ती दाराआड दोरीवर ओलसरच पडलेली. चार माणसांत बाळोती वाळत घालायला त्या माउलीला लाज वाटत होती.

मुलीला दवाखान्यात नेले. डॉक्टरांनी मलम दिले आणि कूस कोरडी ठेवायला सांगितले. आठवड्यात मुलगी बरी झाली. दोष त्या लेकीचा नव्हता. तिला कुणी नीट सांगितलेच नव्हते. आपल्याकडे लंगोट ही सांगण्याची गोष्ट मानत नाहीत, आपोआप येते असे समजतात. ती आपोआप येत नाही, शिकावी लागते. म्हणून यावेळचा पाठ बाळाच्या कापडी लंगोटाचा.

कापड कोणते आणि किती

कापड सुतीच हवे, वापरून मऊ झालेले. जुनी सुती साडी, लुगडे, धोतर किंवा मलमलीची ओढणी चालेल. कापड सुती आहे की नाही याची शंका असेल, तर त्यावर पाण्याचे दोन थेंब टाकून पाहावे. थेंब लगेच शोषला गेला तर कापड कामाचे. थेंब वर तसाच राहिला किंवा घरंगळला तर ते बाळासाठी नको. जर, काठ, टिकल्या आणि जाड शिवण आधी काढून टाकावी.

नेहमीची साडी साधारण साडेपाच मीटर लांब आणि मीटरभराहून थोडी जास्त रुंद असते. तिचे पंचावन्न सेंटिमीटरचे चौकोन कापले, तर एका साडीत सुमारे वीस बाळोती निघतात. नवजात बाळाचे कापड दिवसाला दहा-बारा वेळा बदलावे लागते. रोज धुणे होत असेल तर चोवीस ते तीस बाळोती पुरतात. पावसाळ्यात आणखी दहा-बारा जवळ असावीत. आठ-दहा दुपटी आणि बाळाखाली घालायला एक मेणकापड घ्यावे. मेणकापडावर दुपटे हवेच, उघड्या मेणकापडावर बाळाला निजवू नये. कापड नवीन असेल तर वापरण्याआधी तीन-चार वेळा धुवावे. त्याची खळ निघते आणि ते ओल चांगली धरते.

बांधायचे कसे

चौकोनाची तिकोनी घडी करावी. मध्ये एक लांबट पट्टी ठेवावी, म्हणजे ओल तिथेच धरली जाते. नाळ अजून पडलेली नसेल तर लंगोट बेंबीच्या खाली बांधावा. नाळेवर हळद, कुंकू, राख, तेल, पावडर काहीही लावू नये. ती कोरडी आणि उघडी राहिली की साधारण एक-दोन आठवड्यांत आपोआप गळून पडते.

गाठ सैल असावी. कमरेपाशी आपली दोन बोटे सहज गेली पाहिजेत. पिन लावू नये. कापडाचीच टोके बांधावीत किंवा मऊ नाडी वापरावी.

एक सवय मात्र सोडायला हवी. पाय वाकडे होऊ नयेत म्हणून बाळाचे पाय सरळ ताणून घट्ट गुंडाळतात. त्याने पाय सरळ होत नाहीत, उलट खुब्याचा सांधा निसटण्याचा धोका वाढतो. बाळाचे पाय बेडकासारखे बाहेर वळलेले असणे हीच त्यांची नैसर्गिक ठेवण आहे. दुपट्यात गुंडाळले तरी पाय हलायला जागा राहू द्यावी.

कधी बदलायचे

शी झाली की लगेच आणि लघवी झाली की कळताक्षणी. काही कळले नाही तरी दर पाजण्याच्या वेळी हात लावून पाहावे. बदलताना कोमट पाण्यात बुडवून पिळलेल्या मऊ फडक्याने पुसावे. दर वेळी साबण नको. मुलीला पुढून मागे पुसावे, म्हणजे शी लघवीच्या जागेपर्यंत जात नाही. मुलाची पुढची कातडी ओढून मागे सारू नये. मग कोरड्या कापडाने टिपून घ्यावे, चोळू नये. दिवसातून दोन-तीन वेळा बाळाला दहा-पंधरा मिनिटे लंगोटाशिवाय मोकळे ठेवावे.

कापडी लंगोटाचा एक मोठा गुण पैशात मोजता येत नाही. त्यातून बाळाने किती वेळा लघवी केली ते आईला कळते. पाचव्या-सहाव्या दिवसानंतर चोवीस तासांत सहा किंवा जास्त वेळा लघवी होत असेल, तर बाळाला दूध पुरते असे समजायला हरकत नाही. मग "दूध कमी पडतंय, वरचं सुरू कर" असे कुणी म्हटले, तरी आईने घाबरू नये. आपली बाळोती मोजावीत. लघवी सहापेक्षा कमी वेळा होत असेल, ती गडद पिवळी असेल किंवा बाळ मलूल वाटत असेल, तर मात्र थांबू नये. दवाखाना गाठावा.

शीही दिसते. पहिल्या एक-दोन दिवसांची काळी-हिरवी चिकट शी आणि नंतरची अंगावरच्या दुधाची पिवळी, पातळ, दाणेदार शी ही नेहमीचीच. शी खडूसारखी पांढरट किंवा मातकट होत असेल तर ते यकृताच्या गंभीर दुखण्याचे लक्षण असू शकते. त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे. रक्त दिसले तरीही तसेच.

धुवायचे कसे

"लेकराची शी, तिला कसली घाण" असे आपण प्रेमाने म्हणतो. पण तान्ह्या बाळाच्या शीतूनही जुलाबाचे जंतू पसरतात. म्हणून बाळोती गटारीत किंवा नळावर झटकू नयेत. शी संडासात टाकावी, पहिल्या विसळणीचे पाणीही तिथेच ओतावे.

वस्तीत पाणी मोजून मिळते, हे आम्हाला ठाऊक आहे. म्हणून क्रम सांगतो. ओली बाळोती झाकणाच्या बादलीत साठवावीत. शीची आणि लघवीची वेगळी ठेवावीत. दिवसातून एकदा, शक्यतो सकाळी, धुवायला काढावीत. आधी गार पाण्यातून काढावीत, मग साबण लावून जमल्यास गरम पाण्यात चोळावीत. त्यानंतर दोनदा चांगली खळबळावीत, इतकी की पाण्यात फेस राहणार नाही. राहिलेला साबण बाळाच्या कातडीला चावतो. तीन-चार बादल्यांत दिवसाचे धुणे होते. शेवटच्या खळबळणीचे पाणी दुसऱ्या दिवशीच्या पहिल्या विसळणीला किंवा संडासात टाकायला वापरावे.

जंतुनाशक औषध, सुगंधी द्रव किंवा कपडे मऊ करणारे द्रव घालू नये. त्यांनी कातडी पोळते आणि कापडाची ओल शोषायची ताकदही कमी होते. गॅस महाग आहे, बाळोती रोज उकळण्याची गरज नाही. जुलाब असतील किंवा बुरशीचे पुरळ आले असेल, तेवढे दिवस दहा मिनिटे उकळावीत. बाळंतिणीची कापडे बाळोत्यांबरोबर भिजवू नयेत. बादलीला झाकण हवेच. उघड्या पाण्यात डास होतात आणि रांगणारे मूल बादलीत तोंड घालून पडते. धुऊन झाल्यावर हात साबणाने धुवावेत, मगच बाळाला घ्यावे.

वाळवायचे कुठे

उन्हात आणि उघड्यावर. बाळंतिणीची आणि बाळाची कापडे दाराआड, अंधारात वाळवण्याची रीत विटाळाच्या कल्पनेतून आली. विटाळ आपण कधीच टाकून दिला. मग बाळोती अजून दाराआड का? ती चारचौघांत दोरीवर वाळू द्यावीत. त्यात लाजण्यासारखे काही नाही. संध्याकाळच्या आत काढून घ्यावीत, ते मात्र बरोबर आहे. त्याचे कारण बाहेरची बाधा नव्हे, दव आहे.

पावसात घरातच वाऱ्याच्या बाजूला दोरी बांधावी, पंखा लावावा आणि किंचित दमट राहिलेल्या कापडावरून इस्त्री फिरवावी. पेटत्या शेगडीवर दोरी बांधू नये. हाताला दमट लागणारे बाळोते बाळाला बांधू नये.

पुरळ आले तर

कापड वापरले म्हणजे पुरळ येणारच नाही असे नाही. पुरळ येते ते ओल अंगाला लागून राहिल्याने, मग ती कापडाची असो की डायपरची. नुसती लाली असेल तर लंगोट लवकर-लवकर बदलावा, बाळाला जास्त वेळ मोकळे ठेवावे आणि साधे व्हॅसलीन किंवा जस्ताचे, म्हणजे झिंक ऑक्साइडचे मलम पातळ लावावे. पावडर नको. ती उडून बाळाच्या छातीत जाते आणि घड्यांत तिचे गोळे होतात.

मेडिकलच्या दुकानातून "खाजेची ट्यूब" आणून बाळाला लावू नये. अशा बऱ्याच ट्यूबमध्ये स्टिरॉइड असते. तान्ह्या बाळाची कातडी त्याने पातळ पडते आणि बुरशी दबून पुन्हा जोराने उठते. लाली घड्यांच्या आतपर्यंत गेली असेल आणि कडेला सुटे लाल ठिपके असतील, तर ती बहुधा बुरशी असते. त्याचे औषध वेगळे, ते डॉक्टरच देतील. फोड, पू, ताप, दूध न ओढणे किंवा दोन-तीन दिवसांत फरक न पडणे, यांतले काहीही दिसले तर घरगुती उपाय थांबवावेत. तान्ह्याला ताप असेल किंवा ते दूध ओढत नसेल, तर त्याच दिवशी दवाखाना. गाडीची सोय नसेल तर 108 ला फोन करावा.

दवाखान्यात बाळंत झालेल्या आईकडे आशाताई 3, 7, 14, 21, 28 आणि 42 व्या दिवशी घरी येणे अपेक्षित असते. तिला बाळाची कूस आणि नाळ उघडून दाखवावी. लघवीचा आकडा सांगावा.

डायपर वापरला तर

प्रवासात, दवाखान्यात किंवा कामावर जाताना डायपर वापरला तर त्यात गुन्हा नाही. हिशेब तेवढा करावा. एक डायपर दहा रुपयांना धरला आणि दिवसाला पाच लागले, तर महिन्याला दीड हजार रुपये होतात. ते परवडत नाही म्हणून एकच डायपर दहा-बारा तास ठेवणे, हे सगळ्यांत वाईट. तीन-चार तासांनी बदलणार असाल तरच डायपर, नाहीतर कापड बरे.

वापरलेला डायपर उघडा फेकू नये. कचरा वेचणाऱ्याच्या उघड्या हाताला ती घाण लागते. ते हात कुणाचे आहेत हे आपल्याला सांगायला नको. कुणाचा बाप, कुणाची आई, कुणाची वहिनी आजही त्या गाडीवर आहे. शी संडासात टाकावी, डायपर कागदात घट्ट गुंडाळावा, वर लाल ठिपका काढावा आणि ओल्या कचऱ्यात न मिसळता वेगळा द्यावा. पुण्यात दारोदार कचरा उचलणाऱ्या 'स्वच्छ'च्या कामगारांनी हीच लाल ठिपक्याची खूण लोकांना शिकवली. 2016 च्या घनकचरा नियमांतही डायपर गुंडाळून देणे बंधनकारक केले होते.

धुणार कोण

आता शेवटचा प्रश्न, आणि तोच खरा. रोज तीस बाळोती धुवायची कुणी? टाके पडलेली बाळंतीण उकिडवी बसून पिळे पिळत असेल, तर कापडी लंगोट स्वस्त पडला असे आम्ही म्हणणार नाही. त्याची किंमत तिच्या अंगाने भरलेली असते.

1928 साली मुंबईच्या कायदे कौन्सिलात प्रसूती लाभाच्या विधेयकाला पाठिंबा देताना बाबासाहेबांनी सांगितले होते, की बाळंतपणाआधी आणि नंतर आईला विश्रांती मिळणे हे राष्ट्राच्या हिताचे आहे. 1929 मध्ये तो कायदा झाला. कायद्याने गिरणीतून सुट्टी मिळाली, घरातल्या बादलीपासून सुट्टी मात्र घरच्यांनीच द्यायची आहे.

पहिले सहा आठवडे तरी पाणी भरणे आणि बाळोती धुणे हे बाळाच्या बापाचे आणि घरातल्या इतरांचे काम. बंधूंनो, बाळाचे नाव ठेवायला आपण पुढे असतो, तसेच बाळोती धुवायलाही पुढे यावे. आमच्या गल्लीतल्या त्या लेकीचा नवरा आता सकाळी नळ आला की बादली घेऊन बसतो. पहिले दोन दिवस पोरे हसली. तिसऱ्या दिवशी दोरीवर पांढऱ्याशुभ्र बाळोत्यांची रांग पाहून त्यांचे हसणे थांबले. मुलगी आता रात्रभर झोपते.

जयभीम.