शब्द देही झाला
(योहान १:१-१८ चा अभ्यास)

योहानकृत शुभवर्तमानाच्या पहिल्या अठरा ओव्या नाताळात आपण भक्तिभावाने ऐकतो. बेळगाव-निपाणी भागातील आपल्या कुटुंबांत मराठी वाचणारे आहेत, तसेच कानडी वाचणारेही आहेत. मराठी शास्त्रात प्रारंभी ‘शब्द’ होता असे आहे. कानडी शास्त्रात त्याच जागी ‘वाक्य’ आहे. मग खरे कोणते, असे मुलांनी विचारले तर काय सांगावे?

योहानाने मूळ ग्रीक भाषेत ‘लोगोस’ हे पद योजिले आहे. बोलणे, विचार आणि विवेक हे सारे अर्थ त्यात येतात. ग्रीक तत्त्वज्ञ विश्वाचे नियमन करणाऱ्या विवेकाला हे नाव देत. यहुदी श्रोत्यास मात्र उत्पत्तीचा पहिला अध्याय आठवे; तेथे देव बोलतो आणि प्रकाश होतो. ‘शब्द’ व ‘वाक्य’ ही दोन्ही पदे या अर्थाकडे बोट दाखवितात. तो सगळा कवेत घेणे एकाही पदाला साधत नाही.

म्हणून योहान पदापाशी थांबत नाही. शब्द देही झाला, असे तो चौदाव्या ओवीत सांगतो. येथील मूळ पदाचा अर्थ ‘मांस’ असा आहे. ख्रिस्ताचा देह हा केवळ भास होता, असे मानणारेही प्राचीन काळी होते. योहानाचे हे पद त्या मताला वाव देत नाही. भूक, तहान, थकवा आणि मरण यांसह प्रभूने देह घेतला, आणि तो एकदाच घेतला. ‘देहधारण’ म्हणतात ते हेच.

त्याच ओवीत ‘वस्ती केली’ यासाठी जे क्रियापद आहे, त्याचा मूळ अर्थ ‘तंबू ठोकला’ असा आहे. अरण्यातील निवासमंडपाची ही आठवण होय. आपल्या भागात धनगर शेतात मेंढरे बसवितात, तेव्हा कळपाशेजारीच पाल ठोकतात; मेंढरांची थंडी तीच त्यांची थंडी. असा तो आपल्यामध्ये राहिला.

जन्माने इंग्रज असलेल्या फादर स्टीफन्स यांनी गोव्यात ‘ख्रिस्तपुराण’ रचले. १६१६ साली छापलेल्या या ग्रंथासाठी त्यांनी मराठी भाषा व ओवी छंद निवडला. ज्यांना सांगायचे, त्यांच्या बोलीत उतरायचे, हा धडा देहधारणाचाच आहे.

१९५६ च्या राज्यपुनर्रचनेत बेळगाव तेव्हाच्या म्हैसूर राज्यात गेले. सीमेचा वाद अजून मिटलेला नाही, आणि त्यात आपली मते निरनिराळी असतील. परंतु उपासना मराठीत की कानडीत, एवढ्यावरून भावाभावांत अबोला यावा, हे शब्दाच्या उपासकांस शोभत नाही. ज्याची आपण उपासना करतो, तो कोणत्याही एका भाषेचा बंदिवान नाही.

मराठीत आपण ‘शब्द दिला’ म्हणतो आणि ‘शब्द पाळला’ असेही म्हणतो. देवाने आपला शब्द देहाने पाळला. आपल्या न्यासानेही गरजूंना पुष्कळ शब्द दिले आहेत. विद्यार्थ्याची फी, आजाऱ्याचे औषध, विधवेच्या घरचे धान्य यांत ते देही होतात; एरवी ते अहवालातच राहतात. बंधुभगिनींनो, या महोत्सवाच्या वर्षी आपण एवढे पाहू या की, मदत मागणाऱ्यास त्याची भाषा विचारण्याआधी त्याची गरज विचारली जावी.