दैनंदिन आसन व निदानपरिवर्जन

कटिशूल व मन्यास्तंभाच्या रुग्णास आपण अभ्यंग, स्वेद व गुग्गुळकल्प देतो. उपशय मिळतो, परंतु काही दिवसांनी तोच रुग्ण तीच व्यथा घेऊन परततो. अशा वेळी कल्प बदलण्यापूर्वी त्याची बैठक पाहावी.

चरकाचार्यांनी वातव्याधिचिकित्सितात दुःखशय्यासन हे वातप्रकोपाचे कारण सांगितले आहे. सिद्धिस्थानाच्या १२ व्या अध्यायात अत्यासनाची गणना ८ महादोषकर भावांत केली असून त्यापासून कटी, पृष्ठ, पार्श्व इत्यादी ठिकाणच्या वेदना वर्णिल्या आहेत. सुश्रुतोक्त मन्यास्तंभाच्या हेतूंतही दिवास्वाप, आसन व स्थान यांचा अंतर्भाव आहे. तेथे वात श्लेष्मावृत असल्याने केवळ स्नेहन पुरेसे ठरत नाही. रूक्ष स्वेद व नस्य यांचा विचार करावा लागतो.

रुग्णास पुढील गोष्टी प्रत्यक्ष करून दाखवाव्यात :

१) बसताना पावले जमिनीवर टेकलेली, गुडघे नितंबांच्या पातळीत व कटीस मागून आधार असावा.

२) संगणकाच्या पडद्याची वरची कड डोळ्यांसमोर यावी. मोबाईल पाहताना मान न वाकविता हात उचलावा.

३) दर अर्ध्या तासाने उठून थोडे चालावे. ताठ बैठकही फार वेळ धरल्यास ते अत्यासनच होय.

४) ओझे उचलताना कंबरेऐवजी गुडघे वाकवावेत व ओझे अंगाजवळ धरावे.

हातापायांचे बल घटणे, बधिरता वाढणे वा मलमूत्रावरील ताबा जाणे ही लक्षणे दिसताच रुग्णास विनाविलंब तज्ज्ञांकडे पाठवावे.

औषधालयात दिवसभर उभे राहणाऱ्या बंधुभगिनींनी एकेक पाय आलटून पालटून ठेंगण्या पाटावर ठेवावा. निदानपरिवर्जनाचा आरंभ आपल्यापासूनच व्हावा.