पाणी स्वच्छ, पण मासळीत विष

अमेरिकेतील क्लिअर लेक या तळ्याकाठी पोमो आदिवासी पिढ्यान्‌पिढ्या मासळीवर जगत आले. तेथील चिलटे मारण्यासाठी १९४९ ते १९५७ मध्ये तीनदा डीडीडी हे कीटकनाशक तळ्यात सोडले. प्रमाण जास्तीत जास्त ५ कोटी भाग पाण्यात १ भाग. पुढे पाणडुबी पक्षी मरू लागले.

पाणी तपासले, तर विष सापडेना. पाण्यातील सूक्ष्म जीव तपासले, तर सुमारे २ लाख भागांत १ भाग. पक्ष्यांच्या चरबीत सुमारे ६०० भागांत १!

असे विष पाण्यात फारसे विरघळत नाही. ते चरबीत साठते आणि सूक्ष्म जीव, मासा, पक्षी, माणूस असे वाढत जाते. म्हणून नुसते पाणी तपासून भागत नाही. त्यातले जीवही तपासावे लागतात.

फवारणीचा डबा ओढ्यात धुऊ नका. त्याच ओढ्यातले खेकडे-मासे कोणाच्या तरी ताटात जातात.